हाताने रंगवलेल्या सुताचा हलका शेला

इंदूरच्या वाचकांकडून क्रोशाकामाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. माघ संपताना दुपारी ऊन चटका देऊ लागते, पण माळव्यातली रात्र अजून गारच असते. अशा दिवसांत खांद्यावर घेता येईल असा शेला हाताने रंगवलेल्या सुतातून कसा विणावा, हे अनेकींनी विचारले आहे.

प्रश्न : एका प्रदर्शनातून मी हाताने रंगवलेल्या सुती धाग्याच्या तीन लड्या घेतल्या. प्रत्येक लडी 100 ग्रॅमची असून चिठ्ठीवर 400 मीटर असे लिहिले आहे. गुढीपाडव्याला धाकट्या जाऊबाईंना शेला विणून द्यावा असा विचार आहे. मात्र मागे मी क्रोशाने विणलेली शाल इतकी जाड आणि ताठ झाली की सासूबाईंनी ती पूजेला बसण्यासाठी आसन म्हणून वापरायला काढली. या वेळी तसे होऊ नये म्हणून कोणती वीण आणि केवढी सुई घ्यावी? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर : सासूबाईंचा निर्णय व्यवहारी होता, असेच म्हणावे लागेल. क्रोशाच्या प्रत्येक टाक्यात धागा स्वतःभोवती वळतो, म्हणून दोन सुयांच्या विणकामापेक्षा याला सूत अधिक लागते आणि कापड दाट होते. त्यातही मुक्या खांबांच्या, म्हणजे सुईवर वळसा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांच्या, सलग ओळी सर्वांत दाट असतात. आपली शाल मुक्या खांबांची आणि बारीक सुईची असावी, असा माझा अंदाज आहे. हलकेपणा धाग्याच्या जाडीवर आणि टाक्यांमधल्या पोकळीवर अवलंबून असतो. नमुना कितीही नाजूक दिसला, तरी त्यात पोकळी नसेल तर शेला अंगावर पडत नाही, उभा राहतो.

आपले सूत शेल्यासाठी योग्य जाडीचे आहे. एरवी अशा सुताला अडीच ते तीन मिलिमीटरची सुई घेतात, पण आपण चार मिलिमीटरची घ्यावी, आणि हात मुळातच सैल असेल तर साडेतीनची. सुई निवडताना तिच्यावरच्या नंबराकडे न पाहता मिलिमीटर पाहावेत. बारीक पोलादी सुयांच्या जुन्या मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि त्यामुळे दुकानात हमखास घोटाळा होतो.

विणीसाठी मी साधी जाळी सुचवेन, म्हणजे एक खांब (सुईवर एक वळसा घेऊन घातलेला उंच टाका), एक साखळी, खालचे एक घर, म्हणजे खालच्या ओळीतला एक टाका, सोडून पुन्हा एक खांब. सुरुवातीच्या साखळ्यांची संख्या सम ठेवावी आणि पहिला खांब सुईपासून मोजून सहाव्या साखळीत घालावा. पुढच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी चार साखळ्या घ्याव्यात. त्यांतल्या तीन पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या आणि चौथी पोकळीची. ओळ संपवताना शेवटचा खांब खालच्या ओळीच्या याच वळणसाखळीतल्या तिसऱ्या साखळीत पडला पाहिजे. कडा वाकड्यातिकड्या होतात त्या बहुतेक वेळा हा एक खांब चुकल्यामुळे, म्हणून पहिल्या दहा ओळींपर्यंत तरी खांब मोजत जावे. पायाची साखळी आवळली गेली तर शेल्याचे एक टोक कायमचे आखडलेले राहते, त्यामुळे तेवढी ओळ साडेचार किंवा पाच मिलिमीटरच्या सुईने घालणे चांगले.

आता सूत पुरेल का, हा प्रश्न. 170 सेंटीमीटर लांब आणि 50 सेंटीमीटर रुंद शेला बहुतेकींना नीट होतो. जाळीच्या विणीत त्याला साधारण 600 ते 800 मीटर सूत लागते. पण हात प्रत्येकीचा वेगळा असतो, म्हणून अंदाजावर न जाता 15 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मग मोजावा व तोलावा. नमुन्याचे क्षेत्रफळ 225 चौरस सेंटीमीटर असते आणि शेल्याचे 8500, म्हणजे नमुन्याच्या सुमारे अडतीस पट. नमुना पाच ग्रॅम भरला तर शेला सुमारे 190 ग्रॅमचा होईल आणि आपल्या 300 ग्रॅममधून किनारीला पुरून सूत उरेल. स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमच्या आसपास फारसा भरवशाचा नसतो. एखाद्या ओळखीच्या सराफाने दागिन्यांच्या काट्यावर नमुना तोलून दिला, तर त्याचे आभार मानून घ्यावेत.

नमुना धुण्याचा कंटाळा करू नये. सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसते. तो धुतल्यावर थोडा आटतो आणि वापरताना स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून शेला हव्या त्या लांबीपेक्षा किंचित आखूडच ठेवावा आणि किनारही जड घेऊ नये. शंखांच्या मोठ्या किनारीचा मोह मला समजतो, पण तिच्या वजनाने टोके लोंबतात. मुक्या खांबांची एकच ओळ, फार तर प्रत्येक तिसऱ्या घरात तीन साखळ्यांचा एक कंगोरा, एवढे पुरे आहे.

प्रश्न : माझ्याजवळच्या लडीत केशरी, गुलाबी आणि जांभळा असे तीन रंग आहेत. लडी पाहताना फार सुंदर दिसते, पण विणल्यावर एका बाजूला केशरी डाग साचतात आणि दुसऱ्या बाजूला जांभळे पट्टे येतात. शिवाय दुसऱ्या लडीचा गुलाबी थोडा फिका आहे. विणलेले उसवावे का? (एक वाचक, उषानगर)

उत्तर : उसवण्यापूर्वी डाग का साचतात ते पाहू. हाताने रंगवताना लडी पसरून तिच्या ठरावीक भागांवर वेगवेगळे रंग घालतात. लडीचा एक फेरा बहुधा दीड ते दोन मीटरचा असतो आणि प्रत्येक फेऱ्यात तेच रंग त्याच क्रमाने येतात. आपल्या एका ओळीला लागणारे सूत एका फेऱ्याइतके, किंवा त्याच्या दुपटी-तिपटीइतके भरले, तर प्रत्येक ओळीत तोच रंग जवळजवळ त्याच जागी येतो आणि डाग साचतो. याचा अर्थ असा की ओळीची लांबी बदलली की रंगांची मांडणीही बदलते. चार-सहा घरे वाढवून किंवा कमी करून पाहावे. एवढ्याने डाग फुटून तिरक्या रेघा होतात, आणि त्या मला तरी सलग पट्ट्यांपेक्षा देखण्या वाटतात.

दुसरा उपाय विणीचा आहे. एक मुका खांब, एक साखळी, खालचा मुका खांब सोडून खालच्या साखळीच्या पोकळीतच पुढचा मुका खांब, अशी वीण घेतली की प्रत्येक ओळ खालच्या ओळीत थोडी शिरते आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. ही वीण जाळीइतकी मोकळी नसते, म्हणून तिला साडेचार मिलिमीटरची सुई घ्यावी. मात्र तीन रंगांच्या सुतावर अननस, पंखे किंवा उठावाचे खांब काढू नयेत. भडक सुतात नक्षी दिसत नाही आणि नक्षीमुळे रंगही नीट दिसत नाही, त्यामुळे दोन्हींचे श्रम वाया जातात. सूत बोलके असेल तर विणीने गप्प राहावे. नक्षीची हौस असेल तर एकाच रंगाची, हलक्या छटांची लडी घ्यावी.

दोन लड्यांतला फरक हा हातरंगाईचा स्वभाव आहे, दोष नाही. एकाच दिवशी रंगवलेल्या लड्याही तंतोतंत सारख्या येत नाहीत. दोन ओळी एका लडीच्या आणि दोन ओळी दुसऱ्या लडीच्या, अशा आळीपाळीने विणल्या की फरक विरून जातो. न वापरलेला धागा कडेने वर नेताना ओढू नये, नाहीतर ती कड आखडते. आपण पहिली लडी बरीच संपवली असेल, तर शेवटच्या वीसेक ओळी उसवून तेथून ही आळीपाळी सुरू करावी, म्हणजे सगळे उसवावे लागणार नाही. आणि लडीवरून थेट विणत असाल तर ते थांबवून आधी गुंडा करून घ्यावा. लडी खुर्चीच्या पाठीवर चढवून सावकाश गुंडाळली की गुंता होत नाही.

प्रश्न : सध्या इंदूरच्या बाहेर पळस फुलला आहे. त्या फुलांनी घरीच सुती सूत रंगवता येईल का? रंग किती टिकेल? की बाजारातले रंग घेणे बरे? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : रंगवता येईल, पण टिकण्याबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. वनस्पतींचे रंग सुती धाग्यावर आपणहून बसत नाहीत. आधी सूत सोडा आणि साबणाच्या पाण्यात उकळून त्यावरचे तेल-मेण काढावे लागते, मग हरड्याच्या पाण्यात आणि त्यानंतर फिटकरीच्या पाण्यात भिजवावे लागते. 100 ग्रॅम कोरड्या सुताला साधारण 15 ते 20 ग्रॅम हरडा पूड आणि 10 ते 15 ग्रॅम फिटकरी पुरते. मग वाळवलेली फुले रात्रभर भिजवून, मंद आचेवर शिजवून, गाळलेल्या पाण्यात सूत तासभर ठेवावे. पिवळ्या-केशरी झाकेचा प्रसन्न रंग येतो, पण उन्हात तो उतरतो. हळदीचा रंग त्याहून लवकर उडतो आणि साबण लागला की लालसर होतो. झाडाखाली पडलेली फुलेच वेचावीत, फांद्या ओरबाडू नयेत.

टिकाऊ लाल हवा असेल तर मंजिष्ठा वापरावी. धार जिल्ह्यातल्या बाग या गावचे छापकाम याच तत्त्वावर चालते. तेथे कापडाला हरडा देतात, लाल रंगासाठी फिटकरी आणि काळ्यासाठी लोह वापरतात, आणि नंतर कापड अलिझरीनमध्ये, म्हणजे मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांत सापडणाऱ्या लाल रंगद्रव्यात, उकळतात. माळव्यात एकेकाळी आलीची, म्हणजे महाराष्ट्रातल्या बारतोंडीच्या जातीची, लाल रंगासाठी शेती होत असे. 1869 पासून कृत्रिम अलिझरीन बाजारात येऊ लागले आणि पुढे आलीची गरज संपत गेली. फिटकरी आणि लोह यांच्या या भेदामुळेच एक काळजी घ्यावी लागते. बोअरिंगच्या पाण्यात लोह असेल तर हरडा दिलेले सूत काळवंडते आणि पिवळा रंग मळकट होतो. म्हणून रंगाईसाठी नळाला येणारे नर्मदेचे पाणीच साठवून ठेवावे.

रोज वापरण्याच्या शेल्यासाठी मात्र मी बाजारातले रिॲक्टिव्ह रंग घेण्याचा सल्ला देईन. 1956 मध्ये बाजारात आलेले हे रंग सुती तंतूशी रासायनिक बंध करतात आणि त्यांना उकळावेही लागत नाही. एक लिटर पाण्यात सुमारे 30 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात सूत भिजवावे, पिळून त्यावर रंग घालावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावे. खाण्याचा सोडा येथे चालत नाही, कारण तो पुरेसा तीव्र नसतो. फिक्या छटेला 100 ग्रॅम सुतामागे एक-दोन ग्रॅम रंग पुरतो. कोरडी पूड उडून श्वासात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मास्क बांधावा, हातमोजे घालावेत, आणि रंगाईची पातेली स्वयंपाकात पुन्हा वापरू नयेत. नैसर्गिक रंग म्हणजे निरुपद्रवी आणि रासायनिक म्हणजे घातक, अशी सरळ विभागणी करू नये. वनस्पतींच्या रंगाला गडद करणारा हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, हाही मुलांपासून दूरच ठेवायचा असतो.

प्रश्न : लाल सुताचा रंग जातो. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवावे असे सर्व जणी सांगतात. त्याने रंग पक्का होतो का? निळ्या सुताने तर विणताना बोटेच निळी होतात. (एक वाचक, राजवाड्याजवळ)

उत्तर : सुती धाग्यावर होत नाही. मिठाचा उपयोग रंगवताना होतो, रंगवून झाल्यावर नाही. आम्लाचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या रंगांना होतो, तोही उष्णतेसह. आपल्या सुतातून निघतो तो तंतूला न चिकटलेला जास्तीचा रंग आहे, आणि तो काढूनच टाकावा लागतो. लडी चार जागी सैल बांधून आधी गार पाण्यात खळबळावी, मग चांगल्या गरम पाण्यात थोड्या साबणासह भिजवावी, आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत हे करावे. शेवटी ओल्या लडीवर पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमाल कोरा निघाला तरच पांढऱ्या सुताबरोबर ती विणावी. वनस्पतींच्या रंगाची लडी असेल तर गरम पाणी आणि तीव्र साबण टाळावा.

बोटे निळी होतात ती बहुधा नीळ आहे. नीळ तंतूत विरघळून बसत नाही, तिचे कण तंतूवर आणि आत अडकून राहतात, म्हणून घर्षणाने थोडी सुटते. विणून झाल्यावर शेला दोन-तीनदा धुतला की हे पुष्कळ कमी होते. तोवर तो पांढऱ्या साडीवर घेऊ नये.

प्रश्न : महेश्वरहून विणकरांकडचे उरलेले रेशीम आणि सूत मिळाले आहे. त्याचा क्रोशाने शेला होईल का? (एक वाचक, रामचंद्रनगर)

उत्तर : होईल. महेश्वरी साडीत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो आणि दोन्ही धागे फार बारीक असतात, म्हणून एकेरी विणता येत नाहीत. सुताचे अनेक पदर एकत्र घेऊन त्यांत रेशमाचा एखादा पदर मिसळावा. नुसते रेशीम सुईवरून निसटते आणि गाठीही सुटतात. पदर किती घ्यावेत हे ठरवण्यासाठी दहा मीटर लांबीचा जुडगा तोलावा. तो अडीच ग्रॅमच्या आसपास भरला की जाडी पहिल्या प्रश्नातल्या सुताइतकी झाली, आणि सुई व वीणही तीच चालेल. असा शेला हाताने, गार पाण्यात धुवावा. उचलताना एका टोकाने न उचलता दोन्ही हातांवर घ्यावा, पंच्यात गुंडाळून दाबावा आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा.