एकटीने फिरून लिहायचंय?

पहिलीच सफर लांबची नको. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढ, चार किंवा सात दिवसांचा मिळतो, आणि कोकणचा किनारा धर. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत गेलीस की रस्त्याचा मोठा वळसा वाचतो.

लिहिताना समुद्राच्या रंगावर पानं खर्ची घालू नकोस, ते सगळेच लिहितात. शेवटची बोट कधी सुटते, मुक्कामी एसटी गावात किती वाजता पोचते, एकट्या बाईला खोली द्यायला कोण का-कू करतं, हे लिही. वाचणारीला तेच हवं असतं. वेळेपुढे तारीख टाकच. वेळापत्रक बदलतं आणि तुझं जुनं लिखाण कुणाला तरी धक्क्यावर ताटकळत ठेवतं. पावसाळ्यात तर आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

टिपणं त्याच रात्री, पाय कितीही दुखोत. (फोटो बघून आठवेल म्हणतात. नाही आठवत.)

आणि हो, मुक्कामाच्या जागेचं नाव तिथून निघाल्यावरच जाहीर कर. घरी मात्र रोज संध्याकाळी कळवायचं, त्यात कसली आलीये लाज?