एकट्याने बुसान: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी दक्षिण कोरियातल्या बुसानला तीनदा गेलेय आणि तीनही वेळा एकटीच, त्यामुळे ओळखीपाळखीतून, त्यांच्या ओळखीपाळखीतून प्रश्न येतच असतात. बरेचसे तेच तेच असतात म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न (पुणे, वय ३२): ८ दिवसांची सुट्टी आहे, पहिल्यांदाच एकटा चाललोय. सगळे म्हणतायत सोलमध्येच राहा आणि बुसानला एक दिवस जाऊन ये. पुरतं का तेवढं?

नाही पुरत. केटीएक्स या वेगवान ट्रेनने सोल ते बुसान साधारण अडीच-पावणेतीन तास, तिकीट एका बाजूचं ५९,८०० वॉन, म्हणजे एका दिवसात परत यायचं तर पाच तासांच्या वर नुसते गाडीत आणि खिशाला चांगलीच चाट. बरं बुसान काही एका ठिकाणी गोळा झालेलं शहर नाहीये, डोंगर आणि समुद्र यांच्या फटीत जिथे जागा मिळाली तिथे वस्ती वाढत गेलीय. पश्चिमेला नाम्पो, जागालचीचा मासळीबाजार आणि गामचॉनची रंगीत घरं, मधे सोम्यॉन, पूर्वेला ग्वांगाल्ली आणि हेउंदे हे बीच. हेउंदेहून नाम्पोला मेट्रोने जायला जवळजवळ तास लागतो. सकाळी समुद्रातलं देऊळ, दुपारी रंगीत घरं, संध्याकाळी बीच असे प्लॅन लोक मला पाठवतात तेव्हा मला त्यांच्या पायांची दया येते.

माझा हिशोब साधा आहे, एक दिवस एक बाजू. चार दिवस द्या. एक दिवस नाम्पोकडे, एक हेउंदे आणि पुढे योंगगुंग्सा मंदिराकडे (१३७६ साली स्थापन झालेलं, अगदी खडकांवर, लाटा खाली आपटतात, सकाळी आठच्या आत पोचा नाहीतर नुसती डोकी दिसतात), एक दिवस चालण्यासाठी आणि एक दिवस काहीही न ठरवता. चालायला ईगीदेचा किनारा, ओर्युक्दो बेटांपासून सुरू केलं तर पावणेपाच किलोमीटर, अडीच-तीन तास, डावीकडे डोंगर उजवीकडे समुद्र आणि शेवटी ग्वांगान पूल समोर येतो. ओर्युक्दो म्हणजे 'पाच-सहा बेटं'. कुठून आणि कधी बघता त्यावर पाच दिसतात की सहा ते ठरतं, म्हणून नावातच दोन्ही ठेवलेत, मला हे फार आवडतं.

आणि चुसॉक किंवा सॉल्लाल या सणांच्या तारखा आधी बघा. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं जे होतं तेच तिथे सगळ्या ट्रेन्सचं होतं.

प्रश्न (नाशिक, वय २७): मी मुलगी आहे, एकटी जाणार म्हटल्यावर आई रोज रडतेय. रात्री फिरणं खरंच सेफ आहे का? आणि राहू कुठे?

आईला सांग की रात्री अकरा वाजता ग्वांगाल्लीच्या वाळूत एकट्या बसलेल्या मुली मी मोजल्यात, दहाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. कॅफेत लोक टेबलावर लॅपटॉप ठेवून वॉशरूमला जातात. १ नंबरच्या मेट्रो लाइनवर गर्दीच्या वेळी बायकांसाठी वेगळा डबा असतो. पोलिसांचा नंबर ११२, अँब्युलन्स ११९, आणि टुरिस्ट लोकांसाठी १३३०, तिथे चोवीस तास इंग्रजीत बोलणारं कुणीतरी असतं. मी एकदा हॉटेल सापडेना म्हणून रात्री लावला होता, त्या बाईंनी रिसेप्शनवाल्याशी कोरियनमध्ये बोलून रस्ता समजावून दिला.

पण सगळंच गोड नाहीये. सोम्यॉनच्या बारच्या गल्ल्यांत शनिवारी रात्री पिऊन टर्र झालेली माणसं असतात, त्रास देत नाहीत सहसा, तरी तिथून रेंगाळत जाऊ नकोस. छुप्या कॅमेऱ्यांचा प्रॉब्लेम कोरियात खरोखर आहे, त्यामुळे स्वस्तात स्वस्त मोटेल टाळ. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: एकटं दिसलं की दोन छान बोलणाऱ्या मुली येतात, 'सर्व्हे आहे', 'कोरियन संस्कृती दाखवतो' वगैरे म्हणतात. हे कुठल्यातरी पंथाचे लोक असतात, धोका नाही पण तास-दोन तास जातात आणि शेवटी पूजेच्या नावाने पैसे मागतात. मी पहिल्या वेळी अर्धा रस्ता गेले होते त्यांच्यासोबत. हसून मान हलवायची आणि चालत राहायचं.

राहायला सोम्यॉन सगळ्यात सोयीचं, १ आणि २ नंबरच्या लाइन तिथेच मिळतात. सकाळी उठल्या उठल्या समुद्र हवा असेल तर ग्वांगाल्ली. हेउंदे मला महाग आणि काचेच्या टॉवरांचं वाटतं, पण ते माझं मत. आणि मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते, ते डोक्यात ठेव.

प्रश्न (सोलापूर): मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. शिवाय ऐकलंय की एकट्या माणसाला हॉटेलात बसूच देत नाहीत, खरं का?

दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा जास्त इंटरेस्टिंग आहे म्हणून तो आधी.

बसू देतात, पण काही पदार्थ दोघांचेच मिळतात. मटण-बिटण भाजून खायची बार्बेक्यूची ठिकाणं, मोठ्या पातेल्यातले रस्से, इथे मेनूवरच लिहिलेलं असतं की किमान दोन माणसांची ऑर्डर. तुमच्यावर राग नसतो, त्यांचा शेगडीचा आणि बाजूच्या दहा वाट्यांचा हिशोब बसत नाही इतकंच. एकट्याने जेवणं याला तिथे 'होनबाप' असा शब्दच आहे आणि आता ते अगदी कॉमन झालंय. आत शिरताना एक बोट वर करून 'हान म्योंग' म्हणायचं, म्हणजे एक माणूस. बुसानला एकट्याच्या बिलाचा हा घोळ जेवणापुरता नाही बरं का, हेउंदेच्या जुन्या रेल्वेलाइनवर त्या रंगीत स्काय कॅप्सूल चालतात ना, त्यांचं तिकीट माणशी नसून कॅप्सूलमागे असतं, म्हणजे एकटे बसलात तरी दोघांचे पैसे. मी ते वाचवून त्याच लाइनच्या खालून जाणाऱ्या लाकडी डेकवरून चालत गेले, समुद्र तोच, फुकट.

आता शाकाहार. खरं सांगते, अवघड आहे. तिथे भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं नाही, किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं आणि साध्या सोयाबीनच्या रश्शाचं पाणीसुद्धा सुकटीसारख्या छोट्या मासळीचं. तुम्ही कडक आहात की 'तुकडा दिसला नाही म्हणजे झालं' यातले आहात ते आधी ठरवा. दुसरे असाल तर बिबिमबाप घ्या आणि 'गोगी प्पे जुसेयो' म्हणा, मांस काढून द्या. गिमबापमधलं हॅम काढायला 'हेम प्पे जुसेयो', पण त्यातली फिशकेकची पट्टीही बघा. कडक असाल तर लापशीची दुकानं शोधा, लाल भोपळ्याची आणि लाल चवळीसारख्या दाण्यांची लापशी मिळते, एकट्यासाठी एकदम आरामाचं जेवण, थोडी गोड लागते. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी ठिकाणं आहेत, त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासवाल्या आजीलाही चालेल. नाम्पोच्या चौकात होत्तोक मिळतो, गरम पोळी मधे कापून त्यात साखर आणि बिया भरतात, तव्यावरच्या तुपालोण्याचं चालत असेल तर रांगेत उभं राहा. आणि सोलापूरचे आहात म्हणजे शेंगाचटणी बॅगेत असेलच, ती साध्या भातावर टाका.

मासे खाणाऱ्यांसाठी एकच ओळ लिहिते नाहीतर प्रश्न विचारणारे रागावतील: बुसानचा अधिकृत शहर-मासा म्हणजे गोदुंगो, आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ, जागालचीच्या आसपास भाजलेला गोदुंगो आणि भात एकट्याला आरामात मिळतो.

प्रश्न (ठाणे, वय ६१): निवृत्त झालोय, बायको येत नाही म्हणते म्हणून एकटाच निघालोय. गुडघे दुखतात. ते डोंगरावरचं रंगीत गाव जमेल का?

काका, जमेल, पण पायथ्यापासून चालत जायचं नाही. १ नंबर लाइनवर तोसॉन्ग स्टेशनला उतरायचं, तिथून छोट्या बस वर गामचॉनपर्यंत जातात. बस वळणावर अशी झुकते की आपल्या घाटातली एसटी आठवेल, दांडा घट्ट धरा. वर पोचल्यावर मुख्य रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, तिथूनच सगळं दिसतं, खालच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका. आणि तिथे लोक राहतात, १९५० च्या कोरियन युद्धात निर्वासित होऊन आलेल्यांची ही वस्ती, त्यामुळे कुणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका एवढंच.

मेट्रो स्टेशनांत लिफ्ट असतात, फक्त कधीकधी पार लांबच्या टोकाला. तेजोंगदेच्या कड्यांवर फिरवायला छोटी गाडी आहे. आणि दिवस संपला की ओंचॉनजांगला जा, तोंगनेचे गरम पाण्याचे झरे, तिथे रस्त्यालगत पाय बुडवून बसायची फुकट सोय आहे. स्थानिक आजोबा-आजी ओळीने बसलेले असतात. शक्यतो एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा, जूनअखेर ते जुलै तिकडेही पावसाळा आणि ऑगस्ट-सप्टेंबरला वादळं.

प्रश्न (नाव नको म्हणाली): ते जिमजिलबांग, म्हणजे कोरियातलं सार्वजनिक गरम पाण्याचं स्नानगृह... सगळे कपडे काढावे लागतात म्हणे?

हो. सगळे. पण बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा, आणि कपडे न घालणं फक्त गरम कुंडांच्या भागात. आधी बसून नीट साबण लावून अंघोळ करायची, केस बांधायचे, मगच पाण्यात. त्यांनी दिलेला टीशर्ट-चड्डी घालून मग कॉमन हॉलमध्ये, तिथे स्त्री-पुरुष सगळे जमिनीवर लोळत असतात, भाजलेली अंडी खातात आणि तांदळाचं गार गोड पाणी पितात. पहिली पाच मिनिटं मी टॉवेल धरून भिंतीला चिकटून उभी होते, मग कळलं की माझ्याकडे कुणीच बघत नाहीये, एक मावशी फक्त माझ्याकडे बघून पाठ घासायचं कापड पुढे करत होत्या. मी त्यांची घासली, त्यांनी माझी. नाहीच जमलं तर वरच्या काकांचं पाय बुडवणं आहेच.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मॅप, पैसे, व्हिसा, पटकन सांगा.

पटकन. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढूनच जायचं. मॅपसाठी गुगलच्या भरवशावर राहू नका, नकाशाचा बारीक डेटा देशाबाहेर द्यायला तिथलं सरकार वर्षानुवर्षं का-कू करत आलंय, त्यामुळे नेव्हर मॅप (Naver) हे कोरियन अ‍ॅप टाका, इंग्रजीत चालतं. टी-मनी हे बस-मेट्रोचं कार्ड सोलमधलंच बुसानला चालतं, पण रिचार्जला रोख पैसे हातात ठेवा. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवा, मग अर्ध्या तासात पुढची बस किंवा मेट्रो पकडली तर पुन्हा पूर्ण भाडं पडत नाही.

प्रश्न (कोल्हापूर, शिक्षक): बीच आणि कॅफे सोडून काही इतिहास? भारताशी संबंध?

सर, यावर मी वेगळा लेख लिहू शकते, पण थोडक्यात. कोरियन युद्धात सोल पडलं तेव्हा १९५० ते ५३ बहुतेक काळ बुसान हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. देयॉन स्टेशनपासून चालत गेलं की संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे, अशी जगात ही एकच. वेगवेगळ्या देशांच्या २,३०० हून जास्त सैनिकांच्या कबरी. प्रवेश फुकट, गर्दी नाही, मी तिथे दोन तास बसले होते.

आपल्या सैन्याची ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स ही डॉक्टरांची तुकडी १९५० च्या नोव्हेंबरमध्ये याच बंदरात उतरली. लढायला नाही, जखमींवर उपचार करायला. तेजोंगदेच्या वाटेवर वैद्यकीय पथकं पाठवणाऱ्या देशांचं स्मारक आहे, त्यात भारताचं नाव आहे, बहुतेक टुरिस्ट त्याच्याकडे न बघता पुढे जातात. आणि युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांवर लक्ष ठेवायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख होते जनरल एस. पी. पी. थोरात, तुमच्याच जिल्ह्यातले, वडगावचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला होता, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या पट्ट्यात नेलं. हे बुसानला झालेलं नाही, पण वर्गात सांगाच.

दुसरी गोष्ट बुसानशेजारच्या गिमहे शहराची. २ नंबर लाइनवर सासांगला उतरून लाइट रेल्वेने गेलं की प्राचीन गाया राज्याचा सुरो राजा आणि त्याची राणी हो ह्वांग-ओक यांच्या समाध्या आहेत. तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथात म्हटलंय की ही राणी इसवी सन ४८ मध्ये 'अयुता' नावाच्या देशातून जहाजाने आली. अयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात, अयोध्येत तिचं स्मारकही २००१ पासून आहे. इतिहास म्हणून याला पक्का पुरावा नाही, पण समाधीशेजारी ठेवलेले ते लालसर दगड, जे तिने बोटीतून आणले म्हणतात, ते बघताना पुराव्याचं फार मनात येत नाही.

प्रश्न (मुंबई, वय २४): दिवस जातो हो, पण संध्याकाळी फार एकटं वाटेल अशी भीती वाटते.

वाटतं कधीकधी, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या ट्रिपला तिसऱ्या दिवशी मी रूमवर बसून वरण-भाताचे फोटो बघत होते. मग खाली रिसेप्शनच्या मुलाने सांगितलं बेसबॉलला जा. मला बेसबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही. साजिक स्टेडियम, लोत्ते जायंट्स या बुसानच्या टीमचं घर, मार्चअखेर ते ऑक्टोबर सीझन. वानखेडेला नॉर्थ स्टँडमध्ये बसली असशील तर तुला तो आवाज ओळखीचा वाटेल, फरक इतकाच की इथे प्रत्येक बॅट्समनचं स्वतःचं गाणं असतं आणि हजारो लोक हातवाऱ्यांसकट ते म्हणतात. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, लोक चिकनचे डबेच्या डबे घेऊन येतात. एकटं तिकीट घ्यायचं, त्यांच्या पॅव्हेलियनच्या बाजूचं, आणि शेजारचे करतील तसं करायचं. दुसऱ्या इनिंगला शेजारच्या काकूंनी माझ्या हातात फुगवलेल्या दोन काठ्या दिल्या आणि पाचव्या इनिंगपर्यंत मी त्या पिचरला मराठीत शिव्या घालत होते. सोमवारी मॅच नसते, तेवढं बघून जा.