एका दिवसाची खासदारकी, जन्मभराची पेन्शन?

(२४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेनं खासदारांचं वेतन आणि माजी खासदारांची पेन्शन वाढली. तेव्हापासून या विषयावर बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.)

एक दिवस खासदार राहिलं तरी जन्मभर पेन्शन, असं चावडीवर कायम ऐकतो. खरं की फेकाफेक? – एक वाचक, कराड

खरं आहे. खासदारांचं वेतन, भत्ते आणि पेन्शन १९५४ च्या एकाच कायद्यात आहे. मूळ कायद्यात पेन्शन नव्हती. १९७६ मध्ये कलम ८अ आलं, तेव्हा महिना ३०० रुपये होते आणि त्यासाठी पाच वर्षांची खासदारकी लागायची. पुढे ती अट गेली आणि ‘कितीही काळ’ सदस्य राहिलेली व्यक्ती पात्र ठरू लागली. वयाची अटही नाही. तिसाव्या वर्षी निवडणूक हरलेल्याची पेन्शन तिसाव्या वर्षीच सुरू होते.

म्हणूनच या पेन्शनला नोकरीतल्या पेन्शनचे नियम लावायला गेलं की घोळ होतो. हिला महागाई भत्ता नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. जे काही आहे ते कलम ८अ च्या शब्दांत आहे.

दोन वेळा लोकसभा आणि एकदा राज्यसभा झालेल्या आमच्या नेत्यांना नक्की किती मिळत असतील? – एक वाचक, जालना

१ एप्रिल २०२३ पासून मूळ पेन्शन महिना ३१,००० रुपये आहे (त्याआधी २५,००० होती). पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षासाठी आणखी २,५०० मिळतात. दोन्ही सभागृहांतला काळ एकत्र धरतात, मध्ये खंड पडला असला तरी. तुमच्या नेत्यांनी सगळ्या मुदती पूर्ण केल्या असतील तर ५ + ५ + ६ म्हणजे १६ वर्षं झाली. पाच वजा केल्यावर ११ उरतात, त्यांचे २७,५००. एकूण ५८,५०० रुपये.

चूक होते ती अर्धवट मुदतींत. ‘तीन टर्म म्हणजे पंधरा वर्षं’ असं धरून लोक मोकळे होतात. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीनही निवडणुका जिंकलेल्या खासदाराचं उदाहरण घ्या. अकरावी लोकसभा दीड वर्षात बरखास्त झाली, बारावी जेमतेम तेरा महिने टिकली, तेरावीही मुदतीआधी फेब्रुवारी २००४ मध्ये विसर्जित झाली. बेरीज सुमारे सात वर्षं. म्हणजे तीनदा निवडून येऊनही पेन्शन ३६,००० च. उरलेल्या महिन्यांचा नियम असा की नऊ महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरायचं, कमी असतील तर सोडून द्यायचं. ६ वर्षं ८ महिने म्हणजे सहा, ६ वर्षं ९ महिने म्हणजे सात.

वाढ आता दर पाच वर्षांनी प्राप्तिकराच्या महागाई निर्देशांकानुसार होते. २०१८-१९ चा निर्देशांक २८० होता आणि २०२३-२४ चा ३४८. फरक सुमारे २४ टक्के, म्हणून २५,००० चे ३१,००० झाले. पुढची फेरी १ एप्रिल २०२८ ला. २०१८ पर्यंत खासदार स्वतःच्या वाढीचं विधेयक स्वतःच मंजूर करायचे आणि दरवेळी गदारोळ व्हायचा. त्यापेक्षा ही सोय बरी.

माजी खासदार आता विधान परिषदेवर आहेत. दोन्हीकडून पैसे घेतात का? – एक वाचक, नाशिक

खासदारकीची पेन्शन त्या काळात मिळत नाही. पुन्हा खासदार, आमदार, राज्यपाल, राष्ट्रपती किंवा उपराष्ट्रपती झाल्यास, तसंच सरकारी किंवा सरकारी महामंडळाच्या पगारी पदावर असेपर्यंत ती थांबते. पद गेलं की परत सुरू होते.

पण आमदारकीही ‘माजी’ झाली की चित्र बदलतं. दुसरी कुठलीही पेन्शन असली तरी खासदारकीची पेन्शन तिच्याशिवाय मिळते, असं केंद्राचा कायदा स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात माजी आमदाराची मूळ पेन्शन ५०,००० रुपये आहे आणि पाच वर्षांपुढे दरवर्षाला २,०००. होय, माजी खासदारापेक्षा जास्त! हे अनेकांना पटत नाही, पण तसंच आहे. पंजाबनं २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ कायदा करून प्रत्येक टर्मनुसार वाढणारी आमदारांची पेन्शन बंद केली. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांची पेन्शन रोखण्याचं विधेयक हिमाचलच्या विधानसभेनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. केंद्राच्या कलम ८अ मध्ये मात्र सदस्यत्व कसं गेलं, हा प्रश्नच विचारलेला नाही.

माझे सासरे दहा वर्षं लोकसभेत होते. ते गेले. सासूबाईंना काय मिळेल आणि आधी काय करायचं? – एक वाचक, सांगली

सासऱ्यांच्या पेन्शनच्या निम्मी कुटुंब पेन्शन सासूबाईंना हयातभर मिळेल. दहा वर्षांची पेन्शन ४३,५००, तिची निम्मी २१,७५०. सासूबाई स्वतः खासदार किंवा माजी खासदार म्हणून पेन्शन घेत असतील तर ही मिळणार नाही.

सर्वांत आधी बँकेला मृत्यूची लेखी खबर द्या. हे राहून जातं, खात्यात दोन-तीन महिने पेन्शन जमा होत राहते, घरखर्चाला वापरली जाते, आणि मग बँक ती वसूल करते. त्यानंतर लोकसभा सचिवालयाकडे अर्ज करा. (सासरे राज्यसभेत असते तर राज्यसभा सचिवालयाकडे.) सोबत मृत्यूचा दाखला, पेन्शन आदेशाची म्हणजे पीपीओची प्रत, विवाहाचा पुरावा, आधार, पॅन आणि सासूबाईंच्या खात्याचा तपशील जोडा. पीपीओवरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून पाहा. एकीकडे ‘सुमन’ आणि दुसरीकडे ‘सुमनताई’ एवढ्यावरूनही फाइल परत येते.

वडिलांनी मोबाइलवरून हयातीचा दाखला दिला, तरी पेन्शन थांबली. – एक वाचक, पुणे

‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर दाखला तयार झाला म्हणजे बँकेनं तो स्वीकारला, असं नसतं. पीपीओ क्रमांकातला एखादा आकडा, खाते क्रमांक किंवा पेन्शन मंजूर करणारं व वितरित करणारं कार्यालय यांतलं काहीही चुकीचं निवडलं की दाखला भलतीकडे जातो. वडिलांना आलेला प्रमाण आयडी घेऊन संकेतस्थळावर स्थिती बघा. नाकारला असेल तर नवीन काढा, जुना दुरुस्त होत नाही. पुन्हा नोकरीवर असलेल्यांना हा डिजिटल मार्ग खुला नाही, त्यांनी बँकेत जाऊन कागदी दाखला द्यावा. दाखला द्यायचा महिना नोव्हेंबर. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला पोचला की थकलेली रक्कम मिळते, ती बुडत नाही.

रेल्वे आणि दवाखाना? – एक वाचक, सोलापूर

माजी खासदार एकटे प्रवास करत असतील तर वातानुकूलित प्रथम वर्ग, सोबती असेल तर दोघांना टू-टियर, तेही मोफत. वैद्यकीय सोय केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतून, वर्गणी भरून. कार्ड घ्यावं लागतं, ते आपोआप येत नाही.

ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची कर्मचारी पेन्शन योजना) मध्ये आयुष्यभर वर्गणी भरून आम्हाला हजार रुपये. यांना फुकट ३१ हजार. न्यायालय काही करत नाही का? – एक वाचक, बुलढाणा

तुमचा आकडा बरोबर आहे. ईपीएसची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० वरच आहे. खासदारांच्या वेतनातून पेन्शनसाठी काहीच कापलं जात नाही, सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. पेन्शन रद्द करावी म्हणून ‘लोकप्रहरी’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ मध्ये फक्त वेतन आणि भत्ते आहेत, पेन्शन हा शब्द नाही, असा युक्तिवाद होता. न्या. चेलमेश्वर आणि न्या. कौल यांच्या खंडपीठानं १६ एप्रिल २०१८ ला याचिका फेटाळली. हा विषय संसदेनं ठरवायचा, असा त्याचा अर्थ.

आमचा आक्षेप रकमेवर कमी आहे. ज्यांनी आयुष्याची वीस वर्षं मतदारसंघात घातली आणि धंदा-शेती मागे पडली, त्यांना ही रक्कम लागते. खटकतं ते किमान कालावधी नसणं आणि पेन्शनवर पेन्शन चढणं.

पुन्हा निवडणूक लढवताना दिल्लीच्या जुन्या बंगल्याची थकबाकी अडचण करते का? – एक वाचक, नांदेड

करते. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर उमेदवारी अर्जाच्या प्रतिज्ञापत्रात ते सांगावं लागतं आणि भाडं, वीज, पाणी व टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचे दाखले जोडावे लागतात. ते वेगवेगळ्या कार्यालयांतून येतात, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. बंगला सोडतानाच मीटरच्या शेवटच्या नोंदीसह ते मागून घ्यावेत.