नव्या न्यूरॉनचा नाद लागलाय? आधी एवढं बघ

भावा, शिवाजी विद्यापीठात एमेस्सीच्या प्रोजेक्टला मोठेपणी मेंदूत नवे न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) तयार होतात का हा विषय घेतलास, लई भारी! पण सुरुवातीला बरेच जण एकच घोळ घालतात, सिनॅप्टोफिजिन हे प्रोटीन वाढलेलं दिसलं की म्हणतात नवे न्यूरॉन आले. तसं नसतंय. ते सिनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडणीच्या, अलीकडचं प्रोटीन, पीएसडी-९५ हे पलीकडचं, दोन्ही जोडण्यांबद्दलच सांगतात आणि जुने न्यूरॉनपण नव्या जोडण्या करतातच की.

- कोवळा न्यूरॉन बघायचा तर डबलकॉर्टिन, हे कोवळ्या न्यूरॉनमधलं प्रोटीन.
- बीआरडीयू (नव्या डीएनएत शिरणारं रसायन) एकटं नको, विभागणारी कुठलीबी पेशी ते घेते. सोबत न्यूएन, म्हणजे पक्क्या न्यूरॉनची खूण, लाव.
- आधी उंदराचा डेंटेट गायरस (मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा एक भाग) धर. माणसाचं नंतर, १९९८ ला माणसात नवे न्यूरॉन मिळाले म्हणाले, २०१८ ला एक टीम नाही म्हणाली, दुसरी आहेत म्हणाली, भांडण अजून चालूच.

इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या, म्हणजे न्यूरॉनचे विजेचे सिग्नल मोजायच्या, मागं आत्ताच लागू नको. रविवारी रंकाळ्यावर ये, स्लाइडचे फोटो घेऊन.