संगणक शिकलेली मुलगी वाचनालयात काय करणार?

पत्र : मुलीने यंदा बी.एस्सी. (संगणक) केलं. चार महिन्यांपासून तालुक्याच्या वाचनालयात बिनपगारी जाते, पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेते. आता ग्रंथालयशास्त्र शिकून त्यातच किंवा एखाद्या सामाजिक संस्थेत काम करायचं म्हणते. तिच्या बरोबरीच्या मुली पुण्याला आयटीत लागल्या. धूळ झटकायला संगणक कशाला शिकायचा? वर नवा लॅपटॉपही हवाय. काय करावं?
– एक पालक, बीड जिल्हा

सप्रेम नमस्कार.

धूळ झटकावी लागते, हे खरंच आहे. पण एकदा तासभर लेकीच्या शेजारी बसून ती काय करते ते बघा. दाखल नोंदवहीत कुठे ‘पु. ल. देशपांडे’, कुठे ‘देशपांडे पु. ल.’, कुठे पूर्ण नाव, तर कुठे नुसतंच ‘पुलं’ लिहिलेलं असतं. तसंच्या तसं टाइप केलं, तर संगणकाच्या लेखी ते चार वेगळे लेखक. वाचकाने एक नाव शोधलं की बाकीची पुस्तकं कपाटात असून नसल्यासारखी. त्यात पूर्वी कुणी जुन्या फॉन्टमध्ये यादी करून ठेवलेली असली, तर आज ती उघडल्यावर चिन्हांची भेळ दिसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत आणायची, आणि आणताना मोडलेली जोडाक्षरं, इकडेतिकडे उडालेले रफार एकेक करून तपासायचे. नुसत्या संगणकवाल्याला हे जमत नाही, नुसत्या ग्रंथपालालाही नाही. दोन्ही येणारं माणूस आम्हा नेमणूक करणाऱ्यांना शोधून सापडत नाही.

छोट्या वाचनालयाला हे झेपेल का, ही शंका जुनीच आहे. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आज आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांत चालतं. ते जन्मलं न्यूझीलंडमध्ये, लेविन नावाच्या गावाकडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी. त्यांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून 1999मध्ये त्यांनी नवी करून घेतली आणि सगळ्यांना फुकट खुली केली. ‘कोहा’ म्हणजे माओरी भाषेत भेट. आपल्याकडे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ‘ई-ग्रंथालय’ही आहे. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. अडतं ते बसवून देणाऱ्या आणि दोन वर्षं निभावून नेणाऱ्या माणसावाचून. माझ्या पाहण्यातल्या एका वाचनालयाला देणगीत पाच संगणक मिळाले. त्यांच्यावर भरतकामाची आच्छादनं आहेत, आणि देवघेव अजून वहीतच होते.

सामाजिक संस्थांबद्दल सांगायचं तर वारणेचं उदाहरण तिने मुळातून अभ्यासावं. 1998मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या आसपासच्या सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रं उभी राहिली. शेतकऱ्याला जगभरची माहिती गावात मिळेल, असा बेत होता. प्रत्यक्षात केंद्रावर लोक यायचे ते मुख्यतः साखर कारखान्याच्या कामाला : उसाची नोंद, तोडणीची पावती, खताचा हिशेब. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं, आणि ते चाललं. लोक नेमकं काय विचारायला येतात हे आधी पाहायचं आणि मग यंत्र ठरवायचं, हीच खरी नोकरी. आरोग्य, पाणी, शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांना असं माणूस लागतं. ओडीके, कोबो यांसारख्या साधनांत मोबाइलवर फॉर्म बनवता येतो, रेंज नसलेल्या वाडीवर भरता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. प्रश्न मात्र तिथल्या बाईला कळेल अशा मराठीत लिहावा लागतो. ‘आपल्या कुटुंबाचा पेयजल स्रोत कोणता?’ असं विचारलं की समोरची गप्प बसते.

आता पैशाचं. गावातल्या, सरकारी वर्गवारीत ‘ब’ किंवा ‘क’ असलेल्या वाचनालयाच्या भरवशावर संसार होत नाही. पगार अनुदानातून निघतो आणि तो तुटपुंजा असतो. तिथे तिने शिकावं, पण तिथेच थांबू नये. ग्रंथालयशास्त्राची पदवी, म्हणजे बी.लिब., एक वर्षाची; पदव्युत्तर एम.लिब. आणखी एक. घरी राहून करायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. एम.लिब.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झाली की महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या जागेला ती पात्र होते. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन महिना 57,700 रुपयांपासून. अनुदानित जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. म्हणून संस्थांचा रस्ता उघडा ठेवावा. तिथे सुरुवातीला आयटीपेक्षा कमीच मिळतं, आणि बरोबरीच्या मुलींशी तुलना घरात रोज होणार असेल तर ते तिला जड जाईल. तो भाग तुमच्या हातात आहे.

बी.लिब.चा अर्ज भरण्याआधी तिला एक काम सांगा. वाचनालयातलं एकच कपाट घ्यायचं आणि त्यातल्या शंभर पुस्तकांच्या चोख नोंदी कोहात करायच्या : लेखकाचं नाव एकाच पद्धतीने, विषयानुसार वर्गांक, दाखल क्रमांक, सगळं युनिकोडमध्ये. मग एखाद्या नेहमीच्या वाचकाला बसवून पुस्तक शोधायला लावायचं आणि तो कुठे अडखळतो ते लिहून ठेवायचं. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी मी हेच मागेन.

लॅपटॉप मात्र आत्ता घेऊ नका. कोहा लिनक्सवर चालतं, सरावापुरता जुना संगणकही पुरतो; चार जीबी रॅम असली की झालं.