पब्लिक एनेमी की एन.डब्ल्यू.ए., हिपहॉपवर जास्त प्रभाव कुणाचा?

माझ्या मते या दोन अमेरिकन रॅप ग्रुपपैकी पुढच्या पिढ्यांवरचा प्रभाव बघितला तर एन.डब्ल्यू.ए.चा जास्त, पण रेकॉर्ड म्हणून ऐकायला बसलात तर पब्लिक एनेमी पुढे, आणि फॅन लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात म्हणून हा वाद मिटतच नाही. एन.डब्ल्यू.ए.ची नुसती वंशावळ बघा, त्यांच्यातल्याच डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' हा अल्बम (१९९२), तिथून स्नूप डॉग, मग एमिनेम, ५० सेंट, केंड्रिक लमार, सगळ्यांमागे ड्रेचा हात आहे. पब्लिक एनेमीच्या मागे अशी रांग नाही. पण त्यांचं 'रेबेल विदाऊट अ पॉज' (१९८७) एकदा हेडफोन लावून ऐकाच, फंक गायक जेम्स ब्राऊनच्या बँडच्या जुन्या रेकॉर्डमधला सॅक्सोफोनचा एक तुकडा उचलून तो जवळजवळ गाणंभर किटलीच्या शिटीसारखा वाजत ठेवलाय आणि त्याच्यावर त्यांचा रॅपर चक डी याचा तो भारदस्त आवाज, आजही अंगावर काटा येतो! हे काम त्यांच्या बॉम्ब स्क्वॉड या प्रोड्यूसर टीमचं.

फक्त एक लक्षात घ्या, ईस्ट कोस्ट (न्यूयॉर्ककडचे पब्लिक एनेमी) विरुद्ध वेस्ट कोस्ट (कॅलिफोर्नियाचे एन.डब्ल्यू.ए.) अशी सरळ फाळणी इथे चालत नाही. आईस क्यूब १९८९ च्या शेवटी एन.डब्ल्यू.ए. सोडून थेट न्यूयॉर्कला गेला आणि त्याचा पहिला सोलो अल्बम (१९९०) त्याने याच बॉम्ब स्क्वॉडबरोबर केला, त्यात चक डी पण आहे. म्हणजे क्यूबचं श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं ते आधी ठरवा.