मतदानाची घाई नको: नव्या समितीसाठी

युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथातल्या तुमच्या मंडळीने (म्हणजे स्थानिक चर्चने) ‘ओपन अँड अफर्मिंग’ होण्याच्या दिशेने पाऊल टाकलंय, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा सगळ्यांना पूर्ण सभासदत्व, सेवा आणि विवाह खुले. छान! १९८५च्या जनरल सिनॉडने, म्हणजे पंथाच्या राष्ट्रीय सभेने, मंडळ्यांना ‘ओपन अँड अफर्मिंग’ होण्याचं आवाहन केलं. पण या पंथात सिनॉडचा ठराव स्थानिक मंडळीवर बंधनकारक नसतो. निर्णय तुमचाच.

सुरुवातीला एवढंच करा:

- सहा-आठ जणांची समिती. त्यात शंका असलेले दोघे-तिघे हवेतच, नाहीतर विरोध सभेबाहेर, पार्किंगमधल्या कुजबुजीत वाढतो.
- वर्षभर तरी अभ्यास आणि गप्पा. मोठ्या सभेआधी घरोघरी एकेकाशी बोला. सभेत माणसं भूमिका घेतात, चहावर प्रश्न विचारतात.
- ज्या निवेदनावर मतदान होणार, त्यात नेमके शब्द. ‘सर्वांचे स्वागत’ ही पाटी बहुतेक चर्चबाहेर असतेच. ज्याला एकदा बाहेर काढलंय तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही. लैंगिक कल, लिंगओळख, वंश, अपंगत्व स्पष्ट लिहा.

नेहमीच्या चुका: सगळा भार पाळकांवर, म्हणजे धर्मगुरूंवर, टाकणं (पाळक बदलले की काम थांबतं), मंडळीतल्या एखाद्या समलिंगी सभासदालाच चर्चेचा विषय करणं, आणि ५१ टक्क्यांवर ठराव रेटणं. निसटत्या बहुमतापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं.

ठराव झाला की लगेच सभासद-अर्ज, विवाहाचे नियम आणि स्वच्छतागृहाच्या पाट्या तपासा. मंडळीच्या घटनेतली दुरुस्ती वगैरे नंतर बघू.